शेवट माहीत असलेले सिनेमे

कुणी सिनेमाचा शेवट फोडला की लोक भयंकर चिडतात. ग्रुपवर एखाद्याने उत्साहाच्या भरात अर्धी ओळ जरी टाकली तरी बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. २०१८ साली ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ आला तेव्हा तर दिग्दर्शक रुसो बंधूंनीच प्रेक्षकांना जाहीर पत्र लिहिलं होतं की बघून या पण पुढच्याला काही सांगू नका. हे चिडणं मला समजतं. पहिल्या वेळचा धक्का एकदाच मिळतो, तो कुणी हिरावून घेऊ नये. पण शेवट कळला म्हणजे सिनेमा संपला असं जर असेल तर आपण तेच तेच सिनेमे परत परत का बघतो? चॅनल बदलता बदलता मध्येच ‘शोले’ लागलेला दिसला की रिमोट आपोआप खाली ठेवला जातो, कोण मरणार, कोण वाचणार, कोण कधी काय बोलणार सगळं पाठ असतं, आणि तरी आपण जागचे हलत नाही.

मी समीक्षक नाही, सिनेमाचं शिक्षण वगैरे घेतलेलं नाही, आवडीने बघणारी साधी प्रेक्षक आहे, आज कॉमेडी तर उद्या भुताचा तर परवा मारामारीचा. असं सगळं मिसळून बघत आल्यामुळे माझ्यापुरती एक कसोटी तयार झालीये आणि ती मी सगळ्या प्रकारच्या सिनेमांना लावते. पहिल्यांदा बघताना मोठा आवाज, वेग, नवलाई यांच्या जोरावर कुठलाही सिनेमा आपल्याला खेचून नेऊ शकतो. दुसऱ्यांदा बसताना हातात सगळं असतं, शेवटसुद्धा, आणि तेव्हा तो आपल्याला काय देतो ते मी बघते. (पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट उघडपणे लिहिले आहेत, ‘दृश्यम’, ‘सैराट’, ‘सायको’ बघायचे राहिले असतील तर आधी बघून या, खरंच.)

सस्पेन्सच्या सिनेमांसाठी प्रसिद्ध असलेल्या आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाची एक गोष्ट मला या बाबतीत फार पटते. फ्रान्स्वा त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ मध्ये हिचकॉकची लांबलचक मुलाखत घेतली होती, तिचं पुढे पुस्तक झालं. त्यात हिचकॉक सांगतो की समजा दोन माणसं टेबलापाशी बसून इकडचं तिकडचं बोलतायत आणि एकदम टेबलाखाली बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसेल. पण तोच बॉम्ब कुणीतरी ठेवताना प्रेक्षकाने आधी बघितला असेल, तो एक वाजता फुटणार हे त्याला माहीत असेल आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलेला दिसत असेल, तर त्याच फालतू गप्पा ऐकताना पुढची पंधरा मिनिटं त्याचा जीव वर खाली होत राहील. त्याला ओरडून सांगावंसं वाटेल की अरे गप्पा कसल्या मारताय, खाली बघा.

दुसऱ्यांदा सिनेमा बघणारा प्रत्येक जण असाच बसलेला असतो असं मला वाटतं. बॉम्ब कुठे आहे हे त्याला माहीत आहे आणि पडद्यावरच्या माणसांना माहीत नाही.

आता हे सस्पेन्सच्या सिनेमांबद्दल आहे असं वाटेल, पण मला याचं सगळ्यात पक्कं उदाहरण कॉमेडीत सापडतं. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. घरमालकीण जोडप्यांशिवाय कुणाला जागा देणार नाही म्हणून चार मित्रांमधले दोघं बायका होतात, सचिन सुधा होतो, लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होतो, आणि हे सगळं सांभाळायचा भार अशोक सराफच्या धनंजय मानेवर. यात प्रेक्षकापासून काहीही लपवलेलं नाही. साडीच्या आत कोण आहे हे आपल्याला पहिल्या क्षणापासून ठाऊक आहे, ठाऊक नाहीये ते लीलाबाई काळभोरांना. म्हणजे टेबलाखालचा बॉम्ब झाला की नाही? म्हणूनच हा सिनेमा परत बघताना कमी होत नाही, उलट वाढतो. पहिल्यांदा आपण लक्ष्याकडे बघून हसतो कारण तो साडी सावरत चाललेला असतो. नंतर नंतर नजर अशोक सराफकडे जायला लागते. बाकीचे घोळ घालत असताना हा माणूस क्षणभर गप्प होतो, डोळ्यांतून काहीतरी हिशोब पळतो, आणि मग तोंडातून थाप बाहेर पडते, तीही अशा थाटात की जणू हेच सत्य होतं आणि मला सांगायला जरा उशीर झाला. ती थाप कुठली येणार हे पाठ असल्यामुळेच आपल्याला तिच्याआधीचा तो क्षण बघता येतो. मराठीत इतके विनोदी सिनेमे झाले, त्यातले कितीतरी तेव्हा धो धो चाललेसुद्धा, पण त्यातला विनोद शब्दांत होता, शब्द जुने झाले की विनोदही गेला. इथे तो माणसांच्या अडचणीत आहे.

वसंत सबनीसांनी लिहिलेल्या या सिनेमाचं मूळ म्हणजे हृषीकेश मुखर्जींचा १९६६ चा ‘बीवी और मकान’. आणि हृषीदांचे सिनेमे नीट बघितले तर ते प्रेक्षकापासून काही दडवून ठेवण्यात रमतच नाहीत. ‘चुपके चुपके’ घ्या. वनस्पतीशास्त्राचा प्रोफेसर बायकोच्या जिजाजींची फिरकी घ्यायची म्हणून शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर होऊन त्यांच्याकडे राहतो, हे आपल्याला माहीत, बायकोला माहीत, मित्रांना माहीत, फक्त बिचाऱ्या जिजाजींना नाही. मी आता तो सिनेमा लावते तेव्हा धर्मेंद्र माझ्यासाठी मागे पडतो, मी ओमप्रकाशचा चेहरा बघत बसते. या ड्रायव्हरचं हिंदी ऐकून त्यांना आधी कौतुक वाटतं, मग शंका, मग वैताग, आणि स्वतःच्या हुशारीवरचा विश्वास हळूहळू हलायला लागतो. एवढं बारीक काम पहिल्यांदा बघताना दिसत नाही, तेव्हा आपण गोष्ट पकडण्यात गुंतलेले असतो. आणि हा सिनेमा आणि ‘शोले’ एकाच वर्षी आले, १९७५, दोन्हीत धर्मेंद्र, अमिताभ, जया आणि असरानी आहेत, हे आठवलं की मला त्या नटांबद्दल नव्याने आदर वाटतो.

‘टायटॅनिक’ बद्दल लोक म्हणतात की जहाज बुडणार हे जगाला माहीत होतं तरी सिनेमा चालला. मला वाटतं माहीत होतं म्हणून चालला, आणि जेम्स कॅमेरॉनला ते पक्कं कळलं होतं. कारण सिनेमाच्या सुरुवातीलाच तो काय करतो, म्हाताऱ्या रोझला समोर बसवून संशोधनवाल्या लोकांकडून कॉम्प्युटरवर जहाज कसं बुडालं ते दाखवतो. हिमनगाची धडक, पुढचे कप्पे भरले, मागचा भाग वर उचलला गेला, मध्येच दोन तुकडे झाले. दोन मिनिटांत सगळा शेवट सांगून मोकळा! त्या वेळी ते नुसतं चित्र असतं. पण नंतर प्रत्यक्ष रात्र येते तेव्हा पाणी कुठपर्यंत आलंय आणि आता पुढे काय होणार हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, आपण मनात मोजत असतो. खरं जहाज धडकेनंतर साधारण दोन तास चाळीस मिनिटांत बुडालं आणि होड्या फक्त वीस होत्या, माणसं दोन हजारांच्या वर. हे माहीत असताना डेकवर एखादी बाई होडीत बसायला नको म्हणते, आत ऊब आहे म्हणते, तेव्हा जे वाटतं ते कुठल्याही गुपिताने वाटणार नाही. ‘अपोलो १३’ चंही तसंच, १९७० मध्ये ते तिघं अंतराळवीर सुखरूप परत आले हा इतिहास आहे, आणि तरी परतीच्या वेळी यानाशी संपर्क तुटतो आणि ठरलेली मिनिटं उलटून गेली तरी आवाज येत नाही, तेव्हा खोलीत बसलेले आपण सगळे गप्प होतो.

खेळांवरच्या सिनेमांत तर निकाल तिकीट काढतानाच माहीत असतो. हरायला कोण सिनेमा काढेल. ‘लगान’ मध्ये शेवटची मॅच तासाभराहून जास्त चालते, कुणी म्हणेल एवढी लांब कशाला. पण मला त्यातला एक मिनिटही कमी नकोय. पहिल्यांदा बघताना आपण स्कोअर बघतो. परत बघताना आपण माणसं बघतो, कचऱ्याला पहिल्या दिवशी बॉल का वळवता येत नाही (बॉल नवा आहे म्हणून), लाखा कुठल्या क्षणी मनातून ढासळतो, कॅप्टन रसेलच्या चेहऱ्यावरची मिजास कुठून उतरायला लागते. शेवटच्या बॉलवर कचरा स्ट्राइकवर असतो आणि नुसती एक रन निघते, इंग्रज जल्लोष करायला लागतात, आणि मग अंपायरचा हात दिसतो. नो-बॉल. आणि तो अंपायरही इंग्रज! हे मला पहिल्या वेळी आनंदाच्या भरात जाणवलंच नव्हतं, ते नंतर जाणवलं आणि आता त्या सिनेमातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे. ज्याच्या देशाचं नाक कापलं जाणार आहे त्याने नियम पाळला. इतक्या मोठ्या विजयाच्या गोष्टीत एका नाव नसलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाला जागा ठेवावी असं लिहिणाऱ्याला सुचलं याचं मला खूप कौतुक वाटतं. मग भुवन मारतो, रसेल कॅच घेतो आणि त्याचा पाय रेषेबाहेर असतो, हे तर सगळ्यांना पाठ आहे.

पण शेवट कळल्यावर पूर्ण सिनेमाच बदलून जाण्याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण ‘शोले’ तलं नाणं. जय प्रत्येक अडचणीच्या वेळी नाणं उडवतो आणि निर्णय नाण्यावर सोडतो. जखमी ठाकूरला दवाखान्यात न्यायचं की संधी साधून पळून जायचं, तेव्हाही नाणं. पुलापाशी कुणी थांबायचं आणि कुणी बसंतीला घेऊन जायचं, तेव्हाही नाणं. जय मेल्यावर वीरूच्या हातात ते नाणं येतं आणि कळतं की दोन्ही बाजूंना छापाच आहे. पहिल्यांदा बघताना आपल्याला त्यातून एवढंच समजतं की जयने स्वतःहून मरण पत्करलं. पण दुसऱ्यांदा सिनेमा सुरुवातीपासून लावा. जखमी पोलिसाला दवाखान्यात न्यायचं हे कुणी ठरवलं होतं? नशिबाने नाही, जयने. तो दोघांमधला जास्त थंड, जास्त कोरडा वाटणारा माणूस, सतत टोमणे मारणारा, कशातच न गुंतणारा, आणि चांगलं वागायचं असलं की ते नाण्याच्या नावावर खपवणारा. आपण चांगले आहोत हे कुणाला कळू नये म्हणून याने आयुष्यभर एक खोटं नाणं खिशात ठेवलं. मावशीकडे वीरूचं स्थळ घेऊन जातो तो प्रसंग तर सगळ्यांना हसवतो, पण नाण्याचं गुपित माहीत असताना तोच माणूस मला तिथे वेगळा दिसतो. सलीम-जावेदने हे पात्र लिहिताना ज्याला कुणाला हे परत बघायचंय त्याच्यासाठी एवढं आत भरून ठेवलंय आणि तोंडाने एक अक्षर सांगितलेलं नाही.

‘शोले’ च्या शेवटावरून अजून एक. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारून टाकतो, पण आणीबाणीचे दिवस होते, सेन्सॉरने ते होऊ दिलं नाही, मग ऐनवेळी पोलीस येतात असा शेवट करावा लागला. २०२५ मध्ये जुनी रिळं दुरुस्त करून मूळ शेवटासह तो सिनेमा इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवला गेला, त्यावरून कुठला शेवट बरोबर अशी पुष्कळ चर्चा झाली. कायदा श्रेष्ठ की सूड वगैरे. माझ्या मनात मात्र तो सिनेमा पुलापाशीच संपतो. त्यानंतर गब्बरचं काय होतं यात माझा जीव कधी अडकलाच नाही.

रहस्यपटांबद्दल मी जरा कडक आहे. ज्या सिनेमात सगळी मदार शेवटच्या दहा मिनिटांवर असते आणि तिथे पोचेपर्यंत आपल्याला मुद्दाम चुकीच्या माणसांवर संशय घ्यायला लावलेलं असतं, तो परत बघताना चीड येते. कारण मग दिसतं की मधे काहीच नव्हतं. तो नोकर उगाच रोखून बघत होता, ते संगीत उगाच वाजलं होतं, कुणीतरी रात्री उगाच बाहेर गेलं होतं. प्रेक्षकाला फसवायचं असेल तर खऱ्या गोष्टी समोर ठेवून फसवावं. ‘द सिक्स्थ सेन्स’ मध्ये हे फार सुंदर केलंय. ब्रूस विलिस लग्नाच्या वाढदिवसाला हॉटेलात उशिरा पोचतो, समोर बसतो, माफी मागतो, बोलत राहतो, बायको त्याला एका शब्दानेही उत्तर देत नाही, बिलावर स्वतःच सही करते, ‘हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी’ एवढंच पुटपुटते आणि निघून जाते. पहिल्यांदा आपल्याला वाटतं रागावलीये. दुसऱ्यांदा तोच प्रसंग एका विधवेचा होतो, एकटी बाई लग्नाच्या वाढदिवसाला दोघांच्या टेबलावर जेवायला आलीये. एक फ्रेम बदललेली नाही, एक शब्द बदललेला नाही. इथे रहस्य फुटल्यावर आत आणखी एक सिनेमा निघतो, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा चांगला आहे, कारण त्यात भीती गेलेली असते आणि नुसतं दुःख राहिलेलं असतं.

भीतीचे सिनेमे या कसोटीत सगळ्यात जास्त नापास होतात. अचानक आरशात चेहरा, अचानक किंकाळी, अचानक मांजर, हे सगळं एकदाच चालतं. दुसऱ्यांदा आपण आधीच कानावर हात ठेवून तयार असतो. पण जे टिकतात ते वेगळ्याच कारणाने घाबरवतात. ‘सायको’ मधला बाथरूमचा प्रसंग जगप्रसिद्ध आहे, पण माझ्यासाठी आता खरी भीती त्याच्या आधीच्या प्रसंगात आहे. पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी भरलेल्या खोलीत मोटेल चालवणारा नॉर्मन मुक्कामाला आलेल्या मुलीला सँडविच आणि दूध देतो आणि आपल्या आईबद्दल बोलतो. किती नम्र मुलगा, किती एकटा, किती अडखळत बोलणारा. पहिल्यांदा आपल्याला त्याची कीव येते. दुसऱ्यांदाही कीव येतेच, पण आता ती आई कोण आहे हे माहीत असतं आणि तिच्याबद्दल जरा वेडंवाकडं बोललं गेल्यावर त्याचा आवाज कसा बदलतो ते ऐकताना अंगावर काटा येतो. ज्या हिचकॉकने आधी बॉम्ब दाखवा असं सांगितलं त्यानेच या सिनेमाच्या वेळी मात्र सुरू झाल्यावर थिएटरात कुणाला सोडू नका असा नियम लावला होता. त्याला दोन्ही हवं होतं, पहिल्यांदा येणाऱ्याचा धक्का आणि परत येणाऱ्याची धास्ती, आणि दोन्ही त्याने मिळवलं.

‘जॉज’ मध्येही यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सतत बिघडत होता म्हणून स्पीलबर्गला तो दाखवता येईना, मग नुसतं पाणी, पिंपं आणि ते दोन सुरांचं संगीत यावर काम भागवलं, हा किस्सा सगळे सांगतात. मी परत बघते ते मात्र एका घरगुती प्रसंगासाठी. पोलीस प्रमुख ब्रॉडी दिवसभराच्या अपमानाने खचून जेवणाच्या टेबलावर बसलाय आणि त्याचा लहानगा मुलगा शेजारी बसून त्याची नक्कल करतोय, बापाने हात जोडले की हा जोडतो, बापाने तोंडावर हात नेला की हाही नेतो. बाप ते बघतो आणि त्याच्याकडे एक पापी मागतो. शार्कच्या सिनेमात हा प्रसंग कशाला हवा होता असं कुणी विचारेल. मला वाटतं हा आहे म्हणूनच पुढे तो बाप होडीत बसतो तेव्हा माझा जीव टांगणीला लागतो.

आणि ‘तुंबाड’. २०१८ मध्ये आला तेव्हा त्याचं चीज झालं नाही, आणि २०२४ मध्ये परत लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. कितीतरी लोक घरी बघून झाल्यावर पुन्हा तिकीट काढून गेले असणार. पहिल्यांदा त्यात आपण हस्तर या राक्षसाला घाबरतो, ती लालभडक गर्भासारखी जागा, पिठाचं रिंगण, वर जाणारा दोर. परत बघताना मला नायकाची, विनायकचीच जास्त भीती वाटते, विशेषतः तो मुलाला तयार करायला लागतो तेव्हा. बाप मुलाला धंदा शिकवतोय, किती मायेने शिकवतोय, आणि काय शिकवतोय. मग हस्तरसाठी नेलेल्या पिठाच्या एका बाहुलीवर भागत नाही म्हणून पुष्कळ बाहुल्या घेऊन ते दोघं खाली उतरतात, आणि काय होणार हे माहीत असल्यामुळे त्या बाहुल्या अंगाला बांधताना बघणंच असह्य होतं.

दुःखाच्या सिनेमांचं मला अजून नीट उलगडलेलं नाही. ‘आनंद’ सुरू होतो तेव्हाच कळतं की आनंद या जगात नाही, डॉक्टर भास्करने त्याच्यावर पुस्तक लिहिलंय आणि त्याला पुरस्कार मिळतोय. (पुन्हा हृषीदा, पुन्हा आधीच सांगून मोकळे.) तरी शेवटी टेपरेकॉर्डरमधून आनंदचा आवाज येतो तेव्हा रडू येतंच. परत बघणाऱ्याचे हाल तर त्याच्या खूप आधी सुरू होतात, ते रेकॉर्डिंग गंमतीगंमतीत होत असतं तिथेच. पडद्यावर सगळे हसतायत आणि आपल्या घशात आवंढा. हा सिनेमा मी कितीही वेळा बघू शकते, त्यात रडून झाल्यावर बरं वाटतं.

‘श्वास’ मात्र मी एकदाच बघितला. त्या नातवाचे डोळे जाणार हे नक्की झाल्यावर आजोबा ऑपरेशनच्या आधी त्याला हॉस्पिटलमधून बाहेर घेऊन जातात, जग शेवटचं दाखवायला. अरुण नलावडेंचा तो चेहरा मला अजून दिसतो. परत बघायची हिंमत झाली नाही, आणि त्यामुळे तो सिनेमा माझ्या कसोटीत बसतच नाही, आणि तरी मराठीतल्या उत्तम सिनेमांत मी त्याला वर ठेवते. कसोटी आपल्या जागी, पण काही सिनेमे एकदाच बघून पुरतात.

‘सैराट’ मी परत बघितला, आणि तो अनुभव मला अपेक्षित नव्हता. २०१६ मध्ये सगळे झिंगाटवर नाचत होते. चारही गाणी पूर्वार्धात आहेत, अजय-अतुलने परदेशात मोठा वाद्यवृंद घेऊन रेकॉर्ड केलेली, पडद्यावर ऊस, विहीर, पक्ष्यांचे थवे, ट्रॅक्टर चालवणारी आर्ची. उत्तरार्धात एकही गाणं नाही. पहिल्यांदा बघताना ही नुसती प्रेमाची धुंदी वाटते. शेवट माहीत झाल्यावर तीच गाणी ऐकवत नाहीत. इतकं मोठं, इतकं भरलेलं संगीत नागराज मंजुळेंनी का वापरलं असेल याचं उत्तर मला दुसऱ्यांदा मिळालं, शेवटची ती शांतता तेवढीच मोठी वाटावी म्हणून. लहान पोर रक्तातून पाय उमटवत बाहेर येतं आणि आवाज नाही. परत बघताना मी आर्चीच्या भावावर, प्रिन्सवर नजर ठेवून होते. वर्गात शिकवणाऱ्या सरांना तो कानाखाली मारतो आणि त्याचं काहीही वाकडं होत नाही. तेव्हाच सगळं सांगितलेलं आहे. एका मुलाला इतक्या लहान वयात कळलंय की आपण काहीही केलं तरी चालतं, आणि आपण थिएटरात बसून पुढच्या गाण्याची वाट बघत होतो. मग तोच प्रिन्स आईने पाठवलेल्या भेटी घेऊन दारात येतो, आर्ची चहा टाकायला जाते, आणि पहिल्या वेळी आपल्याला जो दिलासा वाटला होता, की चला, घरच्यांनी स्वीकारलं, तो दुसऱ्या वेळी उलटा होऊन छातीत रुततो. मला त्या चहाच्या प्रसंगात उठून जावंसं वाटलं होतं. गेले नाही.

मालिकांसारखे चालणारे सुपरहीरोपट या सगळ्याच्या अगदी उलट टोकाला आहेत. ‘इन्फिनिटी वॉर’ चा शेवट मला थिएटरात सुन्न करून गेला होता, एका चुटकीत अर्धं जग धूळ. पण वर्षभरात ‘एंडगेम’ आला आणि धूळ झालेले बहुतेक परत आले. आता पहिला सिनेमा लावला की त्या धुळीचं काहीच वाटत नाही. शेवट माहीत असल्यामुळे नाही, तो शेवट खरा नव्हता हे माहीत असल्यामुळे. यावर एवढंच.

‘दृश्यम’ बद्दल मुद्दाम आत्तापर्यंत लिहिलं नाही. मूळ मल्याळम सिनेमा २०१३ चा, जीतू जोसेफचा, मग कितीतरी भाषांत झाला, अगदी चिनीतही. मी आधी निशिकांत कामतांचा २०१५ चा हिंदी बघितला. त्यातला विजय साळगावकर चौथी नापास आहे, केबलचा धंदा करतो आणि रात्र रात्र सिनेमे बघतो, त्याला जे काही येतं ते सिनेमातून आलेलं. माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाला हीरो केलंय म्हणूनही मला तो जवळचा असेल. आणि घरच्यांच्या हातून झालेला खून लपवायची त्याची युक्ती काय, तर लोकांना ठरावीक गोष्टी परत परत दिसतील असं करायचं, की तारीख त्यांच्या डोक्यात आपोआप पक्की बसेल.

गेल्या सुट्टीत भाचीला हा सिनेमा पहिल्यांदा दाखवला. तिला काहीही माहीत नव्हतं आणि मला सगळं. सिनेमा सुरू होतो तेव्हा विजय नव्या पोलीस ठाण्यात शांत बसलेला असतो. ती चिप्सचं पाकीट फोडत होती आणि मी तिच्याकडे बघत होते, कारण त्या फरशीखाली काय आहे ते तिला दोन तासांनी कळणार होतं. हिचकॉकचा बॉम्ब अगदी शब्दशः जमिनीखाली. मधे दोनदा तिने विचारलं, “मावशी, बॉडी कुठेय? तुला माहितीये, सांग ना,” आणि मी गप्प राहिले. पोलीस गायतोंडे विजयच्या लहान मुलीला मारतो तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की मीही शेवट विसरले. आणि शेवटी फावडं दिसलं, बांधकाम सुरू असलेलं ठाणं दिसलं, तेव्हा ती ताडकन उठून बसली.

“म्हणजे सुरुवातीला तो त्याच्यावरच बसला होता?”

मी हो म्हणाले. तिने रिमोट घेतला आणि पहिल्या सीनपासून परत लावला. मग विजय कुणाकडे बघतो, खाली बघतो का, हवालदाराशी कसा बोलतो, हे ती पॉज कर करून मला दाखवायला लागली, आणि त्यातल्या दोन गोष्टी माझ्याही लक्षात आल्या नव्हत्या.